आर्ताचा अधिकार

रात्रीचे अडीच वाजले होते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी बाकावर माझी धाकटी बहीण मोबाइलवर हरिपाठ उघडून बसली होती. आत तिचा नवरा व्हेंटिलेटरवर होता. तिच्या घरी देव्हारा आहे, पण सासूबाई होत्या तोवर पूजा त्याच करायच्या. त्या गेल्यावर दिवाळीला काय तो दिवा लागायचा. हरिपाठ तिला येत नव्हता. एकेका शब्दावर थांबत, ओठांतल्या ओठांत ती वाचत होती. आमचे एक नातेवाईक चहाचे कप घेऊन आले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता आठवला होय विठोबा? अडला हरी..." म्हण त्यांनी पुरी केली नाही. तशी गरजही नव्हती. शेजारचे दोघे हसले. बहिणीनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

ते हसू मी विसरलेले नाही. ते त्या तिघांपुरतंच असतं तर हा लेख लिहिलाही नसता. पण तेच हसू मी शिकल्यासवरलेल्या मित्रांच्या गप्पांत ऐकलं आहे, प्रवचनाच्या मांडवात ऐकलं आहे, सांत्वनाला आलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलं आहे. संकटात माणूस देवाकडे वळला की त्याच्याकडे जरा खालच्या नजरेनं पाहायचं, ही आपल्याकडे रीत होऊन बसली आहे.

या रीतीमागचं म्हणणं दोन अगदी वेगळ्या गोटांतून येतं. पहिला गोट स्वतःला विवेकी समजणाऱ्यांचा. ते म्हणतात, भीतीनं बुद्धी गोठली की माणूस देव पाण्यात घालून बसतो. देव हा दुबळ्यांचा आधार आहे. ज्याच्यात धमक आहे तो प्रसंगाला तोंड देतो, उपाय शोधतो, आकाशाकडे हात जोडत नाही. दुसरा गोट सोवळ्याचा. त्यांचं म्हणणं, सुखात कधी नाव घेतलं नाहीस आणि आता गळ्याशी आल्यावर धावा करतोस, ही भक्ती नव्हे, हा व्यवहार झाला. खरी भक्ती निष्काम असते, तुझी मतलबाची आहे. एरवी हे दोन गोट एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. पण दुःखानं कोलमडलेल्या माणसाला देवाच्या दारातून हुसकून लावायचं म्हटलं की दोघे एकाच बाजूला उभे असतात. एक सांगतो, इथे कोणीच नाही. दुसरा सांगतो, आहे, पण तुझ्यासाठी नाही. त्या माणसानं जायचं कुठे?

सोवळ्याच्या गोटाला आधी उत्तर देते, कारण ते धर्माच्या नावानं बोलतात आणि त्यांच्याच धर्मग्रंथांत त्यांच्या बोलण्याला आधार नाही. गीतेच्या 7व्या अध्यायात भगवंताला भजणारे चार प्रकारचे लोक सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. या यादीत पहिलं नाव आर्ताचं आहे. आर्त म्हणजे पिडलेला, ज्याला सहन होत नाही असा. ज्ञानी भगवंताला सर्वांत जवळचा, असं गीता म्हणते, ते मला मान्य आहे. पण त्याचबरोबर ती या चौघांनाही उदार म्हणते. म्हणजे ज्याला तुम्ही मतलबी म्हणून हिणवता त्याला प्रत्यक्ष कृष्ण उदार म्हणतो. भागवतातला गजेंद्र मगरीनं पाय धरल्यावर धावा करतो. तोवर तो कळपासह मजेत जलक्रीडा करत होता. 'पाण्यात उतरताना का नाही आठवलो?' असं विचारायला विष्णू थांबला नाही. हे विचारण्याचा अधिकार मग आपल्याला कोणी दिला?

आणि त्या म्हणीचंही एकदा बघून घेऊ. त्या म्हणीत अडलेला हरी आहे आणि पाय गाढवाचे आहेत. नालायकापुढे वाकावं लागणाऱ्या शहाण्याची ती लाचारी आहे. बाकावर बसलेल्या माझ्या बहिणीच्या बाबतीत अडलेलं माणूस होतं आणि पाय हरीचे होते. ही म्हण तिला लागू पडतेच कशी?

पण श्लोकांपेक्षा मला एका माणसाची साक्ष महत्त्वाची वाटते, कारण ज्यांच्या पालखीपुढे हे सोवळे लोक दरवर्षी लोटांगण घालतात त्यांचीच ती आहे.

देहूचे तुकोबा. घरात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची उपासना होती, पंढरीची वारी होती. पण घर वाण्याचं, दुकान आणि सावकारीचं. सतराव्या वर्षाच्या आसपास आईवडील गेले आणि सगळा प्रपंच अंगावर आला. मग 1630 सालचा दुष्काळ आला. दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलखांत लागोपाठ पिकं बुडाली. त्या वेळी गुजरातेतून गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं रस्त्याकडेला पडलेल्या प्रेतांची वर्णनं लिहून ठेवली आहेत. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारालाही हा हाहाकार लपवता आला नाही. विशीतल्या तुकोबांचं दुकान बुडालं, पत गेली. पहिली बायको रखुमाबाई अन्नावाचून मेली. मुलगा संतू गेला.

यानंतर काय झालं ते तुकोबांनी स्वतः सांगितलं आहे. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत आपल्या थोरवीचा उल्लेख नाही. तिथे लाज आहे. बायको भुकेनं मेल्याची लाज, धंद्यात खोट आल्याची लाज. मग गावातलं मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन करू लागले. आणि इथे ते जे कबूल करतात ते फार मोलाचं आहे : सुरुवातीला चित्त त्यात रमत नव्हतं. सवय नव्हती. म्हणून त्यांनी आधीच्या संतांची काही वचनं विश्वासानं पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं.

आता सोवळ्याच्या गोटाची कसोटी इथे लावून बघा. हा माणूस संकटात देवाकडे वळला. दुकान चालू असताना तो कीर्तनाला उभा राहिला नव्हता. त्याचं मन नामात लागत नव्हतं, दुसऱ्यांचे शब्द उसने घेऊन तो गात होता. तुमच्या कसोटीवर तुकाराम बोल्होबा आंबिले पहिल्याच दारात नापास होतात. तुकोबांना नापास करणारी कसोटी घेऊन तुम्ही कोणत्या पंढरपूरला निघाला आहात?

मागे उभं राहून ध्रुपद धरणं, या गोष्टीपाशी मला थोडं थांबायचं आहे. दुःखात देव शोधायचं बळ माणसाला येतं कुठून? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून क्वचितच येतं. ते येतं आधी त्या वाटेनं गेलेल्या दुसऱ्या दुःखी माणसाच्या आवाजातून. तुकोबांना ते ज्ञानदेव, नामदेवांच्या ओळींतून मिळालं, आणि ज्ञानदेव तरी कोण? ज्यांच्या आईवडिलांना समाजानं वाळीत टाकून मरणाकडे ढकललं, त्या चार पोरक्या भावंडांतले एक. जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळण दळणारी दासी. आपली सगळी संतपरंपरा म्हणजे आर्तांनी आर्तांसाठी धरलेलं ध्रुपद आहे. त्या रात्री ते तिघे निघून गेल्यावर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बार्शीकडच्या एक आजी सरकत बहिणीजवळ आल्या. त्यांचा मुलगा आत होता. "काढ त्यो मोबाइल. कुठं अडलीस गं पोरी?" त्यांना सगळा हरिपाठ पाठ होता. त्या पुढे म्हणायच्या, बहीण मागून म्हणायची. चार वाजेपर्यंत ते चाललं होतं.

आता विवेकवाल्यांकडे येते. त्यांचा मुख्य आरोप पळपुटेपणाचा. देवाकडे वळलेला माणूस प्रश्नाकडे पाठ फिरवतो, हातपाय गाळतो, असं ते म्हणतात. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं म्हणत झोपून राहणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण ते सुखातही झोपलेलेच असतात. संकटात ज्यांनी देव खरोखर शोधला त्यांनी पुढे काय केलं, ते बघा.

तुकोबा भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले, इतकीच गोष्ट आपण सांगतो आणि ती एका पळालेल्या माणसाची गोष्ट वाटते. पण महिपतींनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात पुढचा प्रसंग आहे. ते डोंगरावरून परत आले आणि सावकारीचे कर्जरोखे त्यांनी बाहेर काढले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याला वेगळा दिला आणि आपल्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत बुडवले. दुष्काळानंतरच्या गावात कर्जरोखे बुडवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कधी सावकाराचा माणूस येऊन बसला आहे त्याला विचारा. स्वतः कफल्लक झालेल्या, घरात खाणारी तोंडं असलेल्या माणसाला वसुलीची गरज होती आणि तो त्याचा हक्कही होता. देव शोधायला गेलेल्या या माणसानं परत येऊन सर्वांत आधी दुसऱ्यांच्या मानेवरचं जोखड उतरवलं. याला पलायन म्हणायचं असेल तर खंबीरपणा कशाला म्हणायचं?

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची देते. मुद्दाम देते, कारण त्यांचा देव विठ्ठल नव्हता आणि त्यांच्या धर्मांतरावरून आजही माणसं त्यांच्यावर चिडतात. मला इथे त्यांच्या धर्माचा वाद घालायचा नाही, त्यांच्या शोधाबद्दल बोलायचं आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी आईवडिलांसोबत तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत वाढली. 1870च्या दशकातल्या दुष्काळानं या कुटुंबाला गिळलं. होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतांत गेलं होतं. मजुरी करायची या विद्वान घराला सवय नव्हती. 1874 साली वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघं, रमा आणि भाऊ श्रीनिवास, हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं म्हणून वाळूत खड्डे खणून त्यांनी गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली होती. हे रमाबाईंनीच लिहिलं आहे.

विवेकवाल्यांच्या हिशेबानं या मुलीनं काय करायला हवं होतं? भीतीनं बुद्धी गोठून पहिल्या भेटलेल्या देवाला चिकटायला हवं होतं. झालं उलटंच. ज्या देवतांची उपासना घरानं जीव तोडून केली होती त्यांच्यावरचा तिचा विश्वास दुष्काळात उडाला. पण शोध थांबला नाही. कोलकत्यात पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथे ब्राह्मो मंडळींशी ओळख झाली, उपनिषदं, वेद वाचले. लग्न झालं आणि थोड्याच काळात, 1882 साली, नवरा गेला. 1883 मध्ये इंग्लंडला जाऊन बाप्तिस्मा घेतला, आणि तो देणाऱ्या मंडळींशीही धर्मातल्या अधिकारावरून त्या वर्षानुवर्षं पत्रांतून भांडत राहिल्या. माझ्या सद्सद्‌विवेकावर कोणाची मालकी चालणार नाही, ही त्यांची भूमिका होती. संकटानं या बाईची बुद्धी गोठवली की धारदार केली?

आणि 1896-97चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाई उठून मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुली, विधवा, टाकून दिलेल्या पोरी त्यांनी गोळा करून आणल्या. दौंडजवळच्या केडगावात त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता आणि तो मुलीच चालवत. रमाबाईंना तिकडे जायला कोणी सांगितलं नव्हतं. भूक काय असते हे त्यांना माहीत होतं, आणि त्या भुकेतून ज्याच्यापर्यंत त्या पोचल्या होत्या त्यानं त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. एक दुष्काळ 1630चा, एक 1870च्या दशकातला. एकाचं घर देहूचं, दुसरीला घरच नाही. देव वेगळे. दोघंही शोधून परतली ती माणसांकडेच.

खुशामतीचा आरोपही मला मान्य नाही. संकटात देवापुढे नाक घासणारा माणूस लाचार असतो म्हणतात. आमच्या परंपरेत देवापुढे नाक घासण्यापेक्षा त्याच्याशी भांडणंच जास्त झाली आहेत. जनाबाईनं विठोबाला शिव्या घातल्या. नामदेवांनी रुसवे धरले. तुकोबांनी त्याला निष्ठुर ठरवलं, कंजूष ठरवलं, आणि एका क्षणी तर आपल्यापुरता तो संपल्याचंही सांगून टाकलं. नवसाच्या देवघेवीवर सर्वांत कठोर प्रहार त्यांनीच केले. ज्याच्याशी सौदा करायचा त्याच्याशी कोणी असं भांडत नाही. माणूस भांडतो ते ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्याशी, आणि उत्तर हवं असतं म्हणून.

2020 साली एक निरोप प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत होता : देवळं बंद आहेत, दवाखाने उघडे आहेत, आता तरी डोळे उघडा. लिहिणाऱ्याला वाटलं, देवाचा निकाल लागला. त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. लाखो वारकरी घरी बसले. साथ पसरू नये म्हणून बसले, आणि घरातच अभंग म्हणत बसले. त्यातले कित्येक जण आपल्या गावातल्या आजाऱ्यांना डबे पोचवत होते. दवाखाना आणि देव यांत एकच निवडायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि ते खरंही नाही. माझी बहीण हरिपाठ वाचत होती म्हणून तिनं एकही औषध आणायला उशीर केला नाही. रक्तगट जुळणारे तीन रक्तदाते तिनंच फोन करून उभे केले. मग हातात फोन उरला, रात्र उरली आणि करण्यासारखं काही उरलं नाही. त्या वेळी तिनं काय करायला हवं होतं, हे मला एकदा तरी कोणी सांगावं.

आणि बंद दारांचं म्हणाल तर चोखोबांसाठी विठोबाच्या देवळाचं दार कधी उघडलंच नाही. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली ते चिरडून गेले, त्यांची समाधी देवळाबाहेर, महाद्वारासमोर झाली. ते दार त्यांच्या माणसांसाठी उघडावं म्हणून 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. दार बंद झाल्यानं देव हरवत असता तर चोखामेळ्याला तो जन्मात भेटला नसता. ज्याला सर्व बाजूंनी दारं बंद होती त्यानंच तो इतक्या उत्कटपणे शोधला, या गोष्टीचा अर्थ लावायची तसदी त्या निरोप पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी घेतली?

राहिला बुवाबाजीचा मुद्दा, आणि इथे मी विवेकवाल्यांच्या बाजूनं आहे. दुःखी माणसाच्या दाराशी गंडेदोरे घेऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत. आजारी मुलाच्या आईकडून दागिने काढून घेणारे मांत्रिक पाहिले आहेत. त्यांना तुरुंगात टाकणारा कायदा महाराष्ट्रात 2013 साली झाला आणि त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी पुण्यात प्राण द्यावे लागले. पण दाभोलकरांच्या समितीची भूमिका देवधर्माला विरोध करण्याची नव्हती, लोकांना लुबाडण्याला विरोध करण्याची होती. हा फरक त्यांना कळत होता आणि ते तो जाहीरपणे सांगत. लुबाडणाऱ्याला पकडायचं सोडून जो लुबाडला जाऊ शकतो त्यालाच हसायचं, हा कोणता विवेक? या हसण्याचा परिणाम काय होतो, तेही सांगते. सुशिक्षित नातेवाईक हसतात, सोवळे लोक हाकलतात. मांत्रिक मात्र हसत नाही. तो बसायला सांगतो, पाणी देतो, सगळं ऐकून घेतो. दुःखी माणूस त्याच्याकडे जातो तो बुद्धी गहाण पडली म्हणून नाही, दुसरं कोणी त्याचं ऐकून घ्यायला थांबलं नाही म्हणून. बुवाबाजीला गिऱ्हाईक पुरवण्याचं काम हे हसू करतं.

जाता जाता सांत्वन करणाऱ्यांनाही एक सांगते. 'देव तुझी परीक्षा बघतोय' हे वाक्य दुसऱ्याच्या दारात उच्चारू नका. भागवतात कुंती कृष्णाकडे संकटंच मागते, कारण संकटात तो दिसतो. ते तिनं स्वतःसाठी मागितलं. दुसऱ्याच्या जळत्या घरापुढे उभं राहून ते सांगण्याचा हक्क कुंतीलाही नव्हता. दुःख चांगलं असतं असं मी म्हणत नाही, आणि दुष्काळ तर माणसांच्या हिशेबी कारभारानंही येतात. मी एवढंच म्हणते की दुःखात सापडलेला माणूस ज्याला हाक मारतो त्याला ती हाक मारण्याचा त्याचा अधिकार पहिला आहे. सुखात ज्यांनी रोज जप केला त्यांच्याही आधी. त्याला पात्रता सिद्ध करायची नाही, जुनी उधारी फेडायची नाही, कोणाची परवानगी घ्यायची नाही. त्याचे शब्द चुकले तरी चालतील, मन लागलं नाही तरी चालेल, उसन्या ओळी म्हटल्या तरी चालतील, शिव्या दिल्या तरी चालतील. त्याच्या आणि त्याच्या देवाच्या मध्ये चहाचा कप घेऊन उभं राहणाऱ्यांनी बाजूला व्हावं.

मेहुणे पाचव्या दिवशी गेले. तेराव्याला तेच नातेवाईक आले होते. निघताना चपला घालता घालता बहिणीला म्हणाले, "एवढं वाचलंस रात्ररात्र. काय उपयोग झाला?"

ती म्हणाली, "काका, ते वाचणार नाहीत हे डॉक्टरांनी मला त्या दिवशी संध्याकाळीच सांगितलं होतं. मी काही मागायला बसले नव्हते. ती रात्र काढायची होती."

बार्शीच्या आजींचा मुलगा बरा होऊन घरी गेला. दर एकादशीला त्यांचा फोन येतो. पलीकडून त्या म्हणतात, अलीकडून बहीण मागून म्हणते. अजून दोन ठिकाणी ती अडखळते.